पंचामुखी परमेश्वर?

मराठीत एक जुनी म्हण आहे : पंचामुखी परमेश्वर. गावच्या पारावर बसून तंटा तोडणारा तो पंच, आणि मैदानात शिट्टी वाजवीत धावणारा तोही पंच. इंग्रजांनी रेफरी, अंपायर, जज्ज असे निरनिराळे शब्द केले. आपल्या भाषेने या सर्वांना एकाच शब्दात बसवले, आणि त्या शब्दाच्या पाठीमागे थेट परमेश्वराला उभे केले. आम्हां ख्रिस्ती लोकांना ही म्हण ऐकताना थोडे थबकायला होते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभूने दुसऱ्याचे दोष काढण्याविषयी किती कडक शब्दांत बजावले आहे हे आपल्या शब्बाथशाळेतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. कुसळ आणि मुसळ हे शब्द तर आता साऱ्या मराठी मुलखाचे झाले आहेत. मग दुसऱ्याचे अपराध हुडकून काढणे हेच ज्याचे काम, त्याच्या मुखातून परमेश्वर बोलतो असे कसे म्हणावे? आणि ख्रिस्ती मनुष्याने असे काम पत्करावे काय?

हा प्रश्न ग्वाल्हेरच्या निमित्ताने मांडण्यास कारण आहे. या शहरात मराठी माणूस महादजी शिंद्यांच्या काळापासून आहे. लष्कर भागातील जुन्या घरांत मराठी बोलली जाते, आणि मुले शाळेत हिंदी शिकतात. राणी लक्ष्मीबाईंची समाधी याच शहरात आहे, आणि त्यांच्याच नावाने १७ ऑगस्ट १९५७ रोजी, सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीवर्षी, केंद्र सरकारने येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय सुरू केले. आज त्यास विद्यापीठाचा दर्जा आहे. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण मुलेमुली तेथे येतात व व्यायामशिक्षक होऊन परत जातात. खेळाडू म्हणून नाव मिळवणारे त्यांत थोडेच. पण ज्याच्या गळ्यात शिट्टी अडकवली जाते, ज्याला पुढे वर्षानुवर्षे शाळेच्या मैदानावर निकाल द्यावा लागतो, असे मात्र जवळजवळ सगळेच. आपल्या शाळांतील किती 'पी. टी. सर' ही शिट्टी गळ्यात घालून निवृत्त झाले असतील, त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

ग्वाल्हेरच्या शाळेत जाणाऱ्या मराठी मुलाला हिंदीच्या पुस्तकात केव्हातरी प्रेमचंदांची 'पंच परमेश्वर' ही १९१६ साली प्रसिद्ध झालेली कथा भेटते. जुम्मन शेख आणि अलगू चौधरी हे जिवलग मित्र. जुम्मनची म्हातारी मावशी आपली मिळकत त्याच्या नावावर करून देते, आणि मग तिला दोन वेळचे अन्न धड मिळेनासे होते. ती पंचायत बोलावते आणि सरपंच म्हणून अलगूचे, म्हणजे जुम्मनच्याच मित्राचे, नाव घेते. अलगू मित्राच्या विरुद्ध निकाल देतो व मैत्री तुटते. पुढे अलगूचा बैल विकत घेणारा समझू साहू त्याला राबवून राबवून मारतो आणि पैसे द्यायला नाकारतो. पुन्हा पंचायत बसते. या वेळी जुम्मन सरपंच होतो. सूड घेण्याची संधी आयती चालून आलेली असते; परंतु त्या जागेवर बसताच त्याला जबाबदारीची जाणीव होते आणि तो अलगूच्या बाजूने न्याय करतो.

कथा सुंदर आहे. पण आमचा एक आक्षेप आहे. प्रेमचंदांच्या कथेत सत्य सर्वांना दिसत असते. मावशी उपाशी आहे, बैल मेला आहे. पंचाला धैर्य तेवढे हवे असते. खरा पंच ज्या अडचणीत सापडतो ती याहून निराळी आहे. त्याला दिसतच नाही.

फुटबॉलच्या पंचाचे काम पाहा. बावीस माणसे धावत आहेत, चेंडू एका क्षणात चाळीस यार्ड जातो, आणि नव्वद मिनिटांत हा गृहस्थ दहा-बारा किलोमीटर पळतो. पळता पळता त्याला ठरवावे लागते की पाय चेंडूला लागला की पोटरीला, आणि लागला तो मुद्दाम की चुकून. पुनर्विचाराला वेळ नाही. खेळाच्या आरंभीच्या काळी अशा पंचाची गरजच वाटत नसे. दोन्ही संघ आपापला एक अंपायर आणीत, आणि त्या दोघांचे पटले नाही म्हणजे मैदानाबाहेर बसलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे प्रकरण नेत. तोच रेफरी. १८९१ साली त्याला मैदानाच्या आत आणले गेले. त्याच वर्षी पेनल्टी किकचा नियमही आला, आणि त्या वेळच्या काही सुखवस्तू इंग्रज खेळाडूंना त्याचा राग आला. कारण सभ्य माणूस जाणूनबुजून दुसऱ्याला पाडील हे त्या नियमात गृहीतच धरले होते! आम्हांस वाटते, त्या नियम करणाऱ्यांना मनुष्यस्वभावाची ओळख त्या सभ्य गृहस्थांपेक्षा अधिक होती. उत्पत्तीचा तिसरा अध्याय ज्याने वाचला आहे त्याला पेनल्टी किकचे नवल वाटू नये.

आता २२ जून १९८६ या दिवसाकडे येऊ. मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदान, लाखावर प्रेक्षक, जागतिक स्पर्धेचा उपांत्यपूर्व सामना, इंग्लंड विरुद्ध अर्जेंटिना. चार वर्षांपूर्वीच या दोन देशांत फॉकलंड बेटांवरून युद्ध झाले होते. पंच होते ट्युनिशियाचे अली बेन्नासर आणि लाइन्समन बल्गेरियाचे बोग्दान दोचेव. एकावन्नाव्या मिनिटाला चेंडू उंच उडाला. इंग्लंडचा गोलकीपर पीटर शिल्टन वर झेपावला, आणि त्याच्याहून चांगलाच बुटका दिएगो मॅराडोना त्याच्या आधी चेंडूपर्यंत पोचला. डोक्याने नव्हे, डाव्या हाताने. चेंडू जाळ्यात गेला. बेन्नासर यांनी दोचेवकडे पाहिले. दोचेव मध्यरेषेकडे निघाले होते. गोल दिला गेला. सामना २-१ असा संपला, इंग्लंड घरी गेले आणि अर्जेंटिनाने पुढे विश्वचषक जिंकला. मॅराडोनाने त्या गोलाचे थोडे श्रेय स्वतःच्या डोक्याला व थोडे देवाच्या हाताला दिले, आणि तेव्हापासून जग त्या प्रसंगाला 'देवाचा हात' म्हणते. देवाचे नाव व्यर्थ घेण्याविषयीची तिसरी आज्ञा शिकवताना शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हे उदाहरण द्यायला हरकत नाही.

बेन्नासर यांनी पुढे अनेकदा सांगितले की आपल्याला सूचनाच तशी होती : सहकारी अधिक चांगल्या जागी असेल तर त्याच्या निर्णयाचा मान राखावा. दोचेव यांचे म्हणणे असे की काहीतरी गैर घडल्याचे आपल्याला जाणवले होते, परंतु त्या काळच्या पद्धतीप्रमाणे लाइन्समनने आपण होऊन पंचाशी चर्चा करायची नसे. म्हणजे याने त्याच्याकडे पाहिले, त्याने याच्याकडे, आणि दोघांच्या मधून असत्य निघून गेले. एदेन बागेत झालेली सवालजबाबांची पद्धत आपल्याला आठवते. तिथेही प्रत्येकाने शेजारच्याकडे बोट दाखवले होते. मंडळीच्या कमिटीत बसलेल्यांनी तर मनाशी प्रामाणिक राहून सांगावे की हिशेबाचे कागद हातोहात फिरतात तेव्हा "खजिनदारांनी पाहिलेच असतील" आणि "चिटणिसांनी पाहिलेच असतील" असे म्हणत आपण सह्या करतो की नाही.

तरीही विचारावयाचा प्रश्न हा की बेन्नासर यांनी पाप केले काय?

पुष्कळांचे उत्तर चटकन 'होय' असे येते. निकाल चुकीचा होता. त्यामुळे एका संघाचे चार वर्षांचे श्रम वाया गेले. मग चूक करणारा दोषी नाही तर कोण? आम्ही या उत्तराशी सहमत नाही. अशी कल्पना करा की बेन्नासर यांना हात दिसला नाही, परंतु इंग्लिश खेळाडूंचा आरडाओरडा ऐकून त्यांनी अंदाजाने गोल नाकारला. निकाल बरोबर ठरला असता. पण तो न्याय ठरला असता काय? ज्याने पाहिले नाही त्याने, ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकून दिलेला तो निकाल असता. या वेळी आवाज मोठा करणारे खरे बोलत होते एवढेच. पुढच्या सामन्यात खोटे बोलणारे तितक्याच मोठ्याने ओरडतील, आणि तो पंच त्यांचेही ऐकेल. न्यायी माणसाच्या हातून अन्याय घडू शकतो, आणि अन्यायी माणसाच्या तोंडून योग्य निकाल बाहेर पडू शकतो. निकालावरून पंच ओळखू म्हटले तर आपण फसू.

याच्या उलट पिलाताला पाहा. पिलाताला सर्व काही दिसत होते. समोर उभा असलेला मनुष्य निर्दोष आहे हे त्याला कळले होते, त्याने ते बोलूनही दाखवले, त्याच्या बायकोने निरोप पाठवून सावध केले, आणि तरी लोकांचा गलबला वाढल्यावर त्याने पाणी मागवले व हात धुतले. बेन्नासर यांची दृष्टी कमी पडली. पिलाताची दृष्टी उत्तम होती. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात बहुजनसमाजाच्या मागे लागून न्याय विपरीत करू नये असे सांगितले आहे ते अशाच पंचासाठी. आणि त्याच ठिकाणी आणखी एक गोष्ट आहे जी आपण सहसा वाचून दाखवीत नाही : गरिबाच्या वादात गरीब म्हणून त्याची भीड धरू नये. त्या १९८६ च्या उन्हाळ्यात आपल्या देशातील पुष्कळांना अर्जेंटिनाचा तो गोल मनातून आवडला. साहेबाची जिरली, लहान देशाने मोठ्याला हरवले, मग हात लागला तर लागला! त्या आनंदात दीडशे वर्षांचा इतिहास होता हे आम्हांस मान्य आहे. परंतु शास्त्र असे म्हणते की तराजू हाती घेतल्यावर हा इतिहास पारड्यात टाकता येत नाही.

न दिसणे आणि पाहून डोळे मिटणे यांत जे अंतर आहे तेच चूक आणि पाप यांतले अंतर. पंचाच्या पेशात दुसऱ्या प्रकारचीही माणसे निघालीच. २००५ साली जर्मनीत रॉबर्ट हॉयझर नावाच्या तरुण पंचाने जुगाऱ्यांकडून पैसे घेऊन सामन्यांचे निकाल फिरवल्याचे उघडकीस आले. त्याला मिळाले होते सुमारे सदुसष्ट हजार युरो आणि एक दूरदर्शन संच. त्याला दोन वर्षे पाच महिन्यांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ब्राझीलमध्ये अशाच एका प्रकरणामुळे लीगचे अकरा सामने पुन्हा खेळवावे लागले. इथ्रोने आपल्या जावयाला, म्हणजे मोशेला, न्यायाधीश निवडण्याविषयी जो सल्ला दिला त्यात लाचेचा तिटकारा असणारी माणसे घे असे होते. किती हजार वर्षे झाली, आणि अट अजून तीच! शमुवेल म्हातारा झाल्यावर लोकांसमोर उभा राहिला आणि मी कोणाचा बैल घेतला आहे ते सांगा म्हणून त्याने विचारले. निवृत्त होताना असे विचारू शकेल असा पंच आपल्या मंडळीत, तालुक्यात, किती सापडतील?

पैशापेक्षाही भीती अधिक माणसांना वाकवते. स्वीडनचे अँडर्स फ्रिस्क हे त्यांच्या काळातील अव्वल पंचांपैकी एक. फेब्रुवारी २००५ मध्ये बार्सिलोना व चेल्सी यांच्यातील सामन्यात त्यांनी एका खेळाडूस बाहेर काढले, आणि नंतर त्यांना व त्यांच्या कुटुंबीयांना अशा धमक्या येऊ लागल्या की काही आठवड्यांतच त्यांनी शिट्टी कायमची खाली ठेवली. त्यांना भित्रा म्हणण्याची आमची तयारी नाही. मुलाबाळांच्या जिवावर बेतले म्हणजे कोण किती टिकेल हे ज्याचे त्याने ठरवावे. पण एक पाहण्यासारखे आहे की ते मैदानावर असताना वाकले नाहीत. त्यांनी पद सोडले, न्याय सोडला नाही.

आता एक उदाहरण आपल्या घरचे. मुंबईचे पिलू रिपोर्टर. आडनाव रिपोर्टर, पण ओळख क्रिकेटच्या पंचाची. हा पारशी गृहस्थ चौदा कसोटी सामन्यांत पंच म्हणून उभा राहिला आणि २०२३ साली निवर्तला. त्या काळी कसोटीचे दोन्ही पंच यजमान देशाचे असत, आणि हरणारा पाहुणा घरी जाऊन पंचांच्या नावाने बोटे मोडीत असे. पाकिस्तानचा कर्णधार इम्रान खान याने त्रयस्थ पंचांचा आग्रह धरला. नोव्हेंबर १९८६ मध्ये, म्हणजे मेक्सिकोतील त्या गोलानंतर पाचच महिन्यांनी, लाहोरला पाकिस्तान व वेस्ट इंडिज यांच्या कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले : हैदराबादचे व्ही. के. रामस्वामी आणि मुंबईचे पिलू रिपोर्टर. पाकिस्तानने आपल्या घरच्या मैदानावर न्याय करायला बोलावले ते भारतीयांना! सामन्याचा निकाल काय लागला? पाकिस्तानचे डाव १३१ आणि ७७ धावांत आटोपले व यजमान एका डावाने हरले. ज्याने त्रयस्थ पंच मागवले तोच हरला, आणि निदान पंचांमुळे हरलो असे म्हणण्याची सोय त्याने स्वतःच काढून टाकली होती. असा हरण्याचा मान प्रत्येकाला मिळत नाही. पुढे १९९४ पासून प्रत्येक कसोटीत एक, आणि २००२ पासून दोन्ही पंच त्रयस्थ असावेत असा नियमच झाला.

त्रयस्थपणा चांगलाच. तरी तो सद्गुण नव्हे, केवळ सोय आहे असे आमचे मत आहे. करोनाच्या साथीत, २०२० नंतर, प्रवास अवघड झाल्यामुळे घरचेच पंच पुन्हा उभे करावे लागले. तेव्हा इंदूरचे नितीन मेनन २०२१ मध्ये भारतातच भारत-इंग्लंड कसोटी सामन्यांत पंच होते, आणि त्यांच्या निर्णयांची पाहुण्यांनीही वाखाणणी केली. अलगू चौधरी जुम्मनचा मित्र होता म्हणूनच म्हातारीने त्याला निवडले असावे. ज्याचे काही तुटण्यासारखे आहे त्याने दिलेला निकाल अधिक वजनाचा असतो. मंडळीत तर त्रयस्थ मिळतच नाही. सगळे एकमेकांचे सोयरे. करिंथच्या मंडळीतील भाऊ एकमेकांविरुद्ध सरकारी न्यायालयात जाऊ लागले तेव्हा पौलाने त्यांना लाज वाटावी असा प्रश्न केला, की तुमच्यामध्ये भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा नाही काय? पौलाला परका नको होता. त्यांच्यातलाच हवा होता. तेव्हा दोष काढू नका या वचनाचा आधार घेऊन जे वडीलजन प्रत्येक तंट्यातून अंग काढून घेतात त्यांनी मत्तयाच्या सातव्या अध्यायाबरोबर करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावाही वाचावा. प्रभूने मुसळ काढण्यास सांगितले ते कुसळ तसेच राहू द्यावे म्हणून नव्हे. नीट दिसावे आणि मग ते काढता यावे म्हणून. पंचाने आपली दृष्टी आधी तपासून घ्यावी हाच त्याचा अर्थ.

मग दया? ख्रिस्ती पंचाने दया कोठे दाखवावी? येथे फेब्रुवारी १९८० मधील मुंबईचा सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना आठवतो. १६ तारखेला सूर्यग्रहण होते म्हणून त्या दिवशी विश्रांती ठेवली होती, हे जुन्या मंडळींच्या लक्षात असेल. इंग्लंडचे पाच गडी ५८ धावांत बाद झाले होते. कपिल देवच्या चेंडूवर बॉब टेलरला यष्टिरक्षकाकडे झेल गेल्याबद्दल पंच हनुमंतराव यांनी बाद दिले. टेलर घुटमळला, बॅट लागली नाही असे त्याचे म्हणणे. तेव्हा आपला कर्णधार गुंडाप्पा विश्वनाथ याने सहकाऱ्यांना विचारले, आणि अपील मागे घेऊन टेलरला परत बोलावले. टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला.

या प्रसंगातील बारीक गोष्ट अशी की दया पंचाने दाखवली नाही, आणि दाखवणे त्याला शक्यही नव्हते. हनुमंतरावांनी जर मनात म्हटले असते की बिचारा पाहुणा आहे, सामना उत्सवाचा आहे, सोडून देऊ, तर ती दया नव्हती. ती गोलंदाजाच्या खिशातून केलेली दानशूरता होती. जे विश्वनाथचे होते ते विश्वनाथने सोडले. ज्याचे नुकसान व्हायचे त्यालाच क्षमा करण्याचा अधिकार. दुसऱ्याच्या वतीने क्षमा करणारे पंच आपल्या समाजात फार झाले आहेत. नवरा मारतो अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईला "क्षमा कर, ताई, प्रभूने सत्तर गुणिले सात वेळा सांगितले आहे" असे म्हणून परत पाठवणारे वडील स्वतःच्या अंगावरचा एकही वळ सोडीत नसतात.

तसेच आपल्या शब्बाथशाळेच्या वर्गात. दोन मुले भांडतात, एकाने दुसऱ्याची वही फाडलेली असते. प्रार्थनेची वेळ झालेली, पाळकसाहेब दारात आलेले, आणि शिक्षक म्हणतात, दोघांनी एकमेकांची क्षमा मागा. वर्ग शांत होतो. ज्याची वही फाटली तोही क्षमा मागतो. त्या क्षणी त्या मुलाच्या मनात देवाच्या घराविषयी काय नोंद होत असेल? हात धुण्याचा हा अगदी छोटा प्रकार आहे, पाणीही फार लागत नाही. चुकेल अशी भीती असली तरी कोणी फाडली हे विचारून, ऐकून, ठरवून सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. आणि जे ठरले ते मुलाला समजेल असे सांगणे हेही. केन अ‍ॅस्टन हे इंग्लंडमधील एक शाळामास्तर आणि नावाजलेले पंच. १९६६ च्या स्पर्धेत जर्मन पंच आणि अर्जेंटिनाचा कर्णधार यांना एकमेकांची भाषा कळेना, आणि कोणाला ताकीद मिळाली हेही नंतर धड कळेना. अ‍ॅस्टन मोटारीतून जात असताना रस्त्यावरचे दिवे पाहून त्यांना सुचले : पिवळा म्हणजे सांभाळ, तांबडा म्हणजे थांब. १९७० पासून जगभर ती कार्डे चालू झाली. शिक्षा होणाऱ्याला शिक्षा कशाची हे कळलेच पाहिजे, हे एका मास्तरला सुचावे यात आम्हांस काही नवल वाटत नाही.

न्याय करण्याच्या जागेवर कोणी बसावे याचेही उत्तर हळूहळू बदलते आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस या भारताच्या संघातून खेळल्या, मग झेंडा हाती घेऊन सीमारेषेवर उभ्या राहिल्या, आणि २०१६ साली जॉर्डनमध्ये झालेल्या सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत त्यांनी सहायक पंच म्हणून काम केले. १ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये फ्रान्सच्या स्टेफनी फ्रापार यांनी पुरुषांच्या जागतिक स्पर्धेतील सामन्यात शिट्टी वाजवली. त्यापूर्वी कोणत्याही स्त्रीने ते केले नव्हते. दबोरा खजुरीच्या झाडाखाली बसून इस्राएलाचा न्याय करीत असे हे शास्ते या पुस्तकात लिहिलेले आहे. फुटबॉलला तेथवर यायला वेळ लागला. आपल्या काही मंडळ्यांच्या कमिट्यांना अजून लागतो आहे.

आता यंत्रे आली आहेत. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही हे २०१४ पासून जागतिक स्पर्धेत यंत्र सांगते, आणि २०१८ पासून पडद्यावर पुन्हा पाहून निर्णय बदलता येतो. मॅराडोनाचा तो हात आज एका मिनिटात पकडला जाईल. तरी भांडणे मिटली नाहीत. हात लागला की नाही हे पडदा सांगतो, मुद्दाम लावला काय हे सांगत नाही. क्रिकेटमध्ये तर यंत्रालाच आपली मर्यादा मान्य करावी लागली : चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाताना दिसला तर यंत्र म्हणते, मैदानावरच्या पंचाने जे म्हटले तेच खरे धरा. अंतःकरण पारखणारा एकच आहे असे यिर्मया म्हणतो, आणि तो मैदानात शिट्टी घेऊन उतरत नाही. तोवर हे काम अपुऱ्या डोळ्यांच्या माणसांनीच करायचे आहे.

बेन्नासर आणि मॅराडोना यांची पुन्हा एकदा भेट झाली. २०१५ साली मॅराडोना ट्युनिशियात गेला असता त्या वृद्ध पंचाच्या घरी गेला, त्याला जर्सी भेट दिली, मित्र म्हटले. ज्याला फसवले त्याला मित्र म्हणणे सोपे. इंग्लंडच्या खेळाडूंकडे जाणे अवघड होते. जर्मनीचा मिरोस्लाव क्लोजे २०१२ साली इटलीत लाझिओकडून नेपोलीविरुद्ध खेळताना चेंडू त्याच्या हाताला लागून गोल झाला, तेव्हा त्याने स्वतः जाऊन पंचाला तसे सांगितले. गोल रद्द झाला. त्या दिवशी पंचाचे डोळे कमी पडले नाहीत, कारण एका खेळाडूने आपले डोळे त्याला उसने दिले. दोचेव यांच्या वाट्याला असे कोणी आले नाही. मायदेशी त्यांच्यावर पुष्कळ टीका झाली, आणि २०१७ साली ते वारले. ज्या चेंडूने तो सामना खेळला गेला तो बेन्नासर यांनी जपून ठेवला होता. २०२२ मध्ये लंडनच्या लिलावात तो वीस लाख पौंडांना गेला.

आमची एक सूचना आहे. शब्बाथशाळेच्या खेळांच्या दिवशी शिट्टी नेहमी शिक्षकांच्याच गळ्यात असते. एका सामन्यापुरती ती वर्गातील सर्वांत भांडखोर मुलाच्या किंवा मुलीच्या गळ्यात घालून पाहावी, आणि खेळाडूंना आधी एवढेच सांगावे की आपल्या हाताला चेंडू लागला तर आपण होऊन सांगायचे. ग्वाल्हेरकरांनी हे मे महिन्याच्या सुट्टीत करू नये, तेथले ऊन सोसवणार नाही. नाताळच्या आधीचा एखादा शनिवार बरा.